समाजकार्य कॉलेजात शिकवायचंय? एमएसडब्ल्यूनंतर काय काय करावं लागतं ते सगळं

एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं सेमिस्टर आलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, एनजीओ बघू का कंपनीत सीएसआर-एचआर बघू. मला शिकवायचंय असं म्हणणारे पण वर्गात एकदोन असतातच, पण त्यांना धड सांगणारं कोणी भेटत नाही. कुणी म्हणतं नेट (प्राध्यापक होण्यासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) काढ मग बघू, कुणी म्हणतं पीएचडीशिवाय काही खरं नाही, कुणी म्हणतं जागाच निघत नाहीत तर कशाला त्या नादाला लागतोस. मी या सगळ्यातून गेलोय, तासिका तत्त्वावर म्हणजे तासाप्रमाणे पगार घेऊन शिकवलंय, मुलाखती दिल्यात, आता पूर्णवेळ शिकवतो, म्हणून जे माहिती आहे ते एका जागी लिहून ठेवतोय. हे सगळं महाराष्ट्रातल्या समाजकार्य महाविद्यालयांबद्दल आहे, दुसऱ्या राज्यात सेट (नेटसारखीच, पण राज्याची परीक्षा) वेगळी, खातं वेगळं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे ती परत परत येणार आहे. नवीन लोक तयारी करतात ती परीक्षेची, आणि नोकरी निघते फिल्डवर्क सुपरव्हिजनची, म्हणजे मुलं वस्तीत-संस्थांत जाऊन जे काम शिकतात त्याला मार्गदर्शन करण्याची. वर्गातली लेक्चरं कोणीही थोड्या अभ्यासावर घेऊ शकतो, पण एखादी विद्यार्थिनी निरीक्षणगृहातून (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथून) फिल्डवर्क करून येऊन तुमच्यासमोर बसते आणि म्हणते सर मला परत तिथे जायचं नाही, तेव्हा तुम्ही काय करता त्यावर तुम्ही या विषयाचे शिक्षक आहात का ते ठरतं. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी चढताना ही बाजू पण सोबत तयार करत चला.

१. कॉलेज कुणाच्या अखत्यारीत येतं ते आधी समजून घ्या

इथेच खूप जणांचा गोंधळ होतो. आपल्याकडे अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं ही उच्च शिक्षण विभागाकडे नसून सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे आहेत, म्हणजे अनुदान, पदमान्यता हा सगळा कारभार समाजकल्याण आयुक्तालय, पुणे इथून चालतो. अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षकाची मान्यता मात्र विद्यापीठाकडे. त्यामुळे आर्ट्स-कॉमर्सच्या प्राध्यापक भरतीची बातमी वाचून त्यातच आपल्या जागा असतील असं धरू नका, आपल्या जागांना परवानगी देणारं खातं वेगळं आहे.

याशिवाय काही आर्ट्स-सायन्स कॉलेजांत एमएसडब्ल्यूचा विभाग असतो, काही विद्यापीठांत स्वतंत्र विभाग असतो, विनाअनुदानित कॉलेजं असतात, आणि टिससारखी अभिमत संस्था असते जिथे भरती त्यांची त्यांची होते. (टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ साली मुंबईत सुरू झालेली आपल्या देशातली समाजकार्याचं शिक्षण देणारी पहिली संस्था, तेव्हा तिचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क होतं. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. मुलाखतीत हा इतिहास विचारतात, म्हणून सांगितलं.)

कुठल्याही जागेला अर्ज करायच्या आधी एक प्रश्न विचाराच: पद अनुदानित आहे का विनाअनुदानित? जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. अनुदानित पूर्णवेळ पदाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, लेव्हल १०. विनाअनुदानितमध्ये संस्था काय देईल ते तिथे जाऊन स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

२. पात्रता: काय लागतं, काय नाही

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत. आणि त्यासोबत नेट किंवा सेट. जुलै २०२३ मध्ये यूजीसीने दुरुस्ती करून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट/सेट/स्लेट (स्लेट म्हणजे सेटचंच दुसरं नाव) ही किमान अट ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली, म्हणजे पीएचडी नाही म्हणून अर्जच करता येत नाही असं कोणी सांगितलं तर ते आता चालत नाही. पण गुणांकनात पीएचडीचा फरक मोठा पडतो, ते पुढे येईल.

इथले दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला म्हणजे विषय. नेट ज्या विषयात तीच पदव्युत्तर पदवी असावी हे बघतात. एमएसडब्ल्यू करून समाजशास्त्रात नेट काढलेले लोक मी बघितलेत, हुशार माणसं, पण छाननीत अडकतात. दुसरा म्हणजे स्पेशलायझेशन. कधी कधी जाहिरातीत फॅमिली अँड चाइल्ड वेल्फेअर, मेडिकल अँड सायकियाट्रिक किंवा क्रिमिनॉलॉजी अँड करेक्शनल अॅडमिनिस्ट्रेशन असं लिहिलेलं असतं, मग तुमच्या गुणपत्रिकेवर ते दिसलं पाहिजे, नसेल दिसत तर विद्यापीठाकडून तसं पत्र आधीच काढून ठेवा.

आणि ज्यांना बाल न्याय, तुरुंग, पीडितांना मदत अशा न्यायाच्या बाजूचं शिकवायचंय ते हमखास विचारतात की एलएलबी-एलएलएम लागेल का. समाजकार्य कॉलेजात हे विषय शिकवायला एमएसडब्ल्यू पुरते. लॉ कॉलेजातली कायद्याची जागा हवी असेल तर मात्र एलएलएम आणि कायद्यातली नेट/सेट, तो रस्ताच वेगळा.

३. नेट आणि सेट

नेट एनटीए म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरची म्हणून ओळखली जाते. समाजकार्याचा कोड १०, क्रिमिनॉलॉजीचा ६८, मानवी हक्कांचा ९२. फॉर्म भरताना कोड नीट बघा, घाईत चुकीचा गेला तर पुढची संधी थेट पुढच्या सत्राला. पेपर एक ५० प्रश्न १०० गुण, पेपर दोन १०० प्रश्न २०० गुण, दोन्ही सलग तीन तासात आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. खुल्या प्रवर्गाला दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, राखीवला ३५, पण तेवढे मिळाले म्हणजे पास असं नसतं, त्यातून वरचे ठरावीक टक्केच पात्र ठरवतात. सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही, जेआरएफला (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, याच परीक्षेतून मिळते) ३० वर्षं आणि त्यात महिला व राखीव प्रवर्गाला सूट. शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं.

मराठी माध्यमातून बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) आणि एमएसडब्ल्यू केलेल्यांना एक सांगणं आहे. नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. आपण वर्गात समुदाय संघटन, सामाजिक कृती, व्यक्ती सहाय्य कार्य असं शिकलेलो असतो आणि समोर कम्युनिटी ऑर्गनायझेशन, सोशल अॅक्शन, केसवर्क येतं. हुशारीचा संबंध नाही, नुसती ओळख नसते. एका वहीत दोन रकाने करा, मराठी शब्द आणि त्याच्या समोर इंग्रजी शब्द, वर्षभर भरत राहा. पुढे शिकवताना पण हीच वही उपयोगी पडते कारण मुलांनाही तीच अडचण असते.

सिलॅबसमध्ये दहा युनिट आहेत. लोक केसवर्क, ग्रुपवर्क, रिसर्च यावर जोर देतात आणि राज्यघटना, सामाजिक न्याय, मानवी हक्क हे युनिट शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. ते आधी करा. एक तर ते गुण मिळवून देतं आणि दुसरं म्हणजे तुम्हाला शिकवायला पण तेच लागणार आहे.

सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. सेटवर नोकरी याच दोन राज्यांत, नेट देशभर. दोन्हीला बसा, अभ्यास एकच आहे.

४. कागदपत्रांची फाईल आजच करा

जाहिरात आल्यावर साधारण १५ दिवस मिळतात आणि तेवढ्यात जात पडताळणी होत नाही. म्हणून ही फाईल आधीच तयार पाहिजे:

- दहावीपासून पदव्युत्तरपर्यंत सगळ्या गुणपत्रिका, प्रत्येक सेमिस्टरची वेगळी, आणि पदवी प्रमाणपत्रं
- ग्रेड असतील तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र
- नेट/सेट प्रमाणपत्र
- पीएचडी असेल तर नोटिफिकेशन, आणि ती यूजीसी नियमाप्रमाणे झाल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र
- जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन क्रिमी लेयर
- अधिवास प्रमाणपत्र
- नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला
- अनुभवाचे दाखले, नियुक्तीपत्रासह आणि विद्यापीठाच्या मान्यतापत्रासह
- छापून आलेले लेख, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेच्या पानासकट
- फिल्डमध्ये नोकरी केली असेल तर संस्थेचं पत्र, ज्यात काम काय केलं ते दोन ओळीत तरी लिहिलेलं असेल

शेवटचं बरेच जण जोडत नाहीत कारण त्याला गुण नसतात. जोडा. मुलाखतीत बाहेरचा तज्ज्ञ तेच पान उघडून बसतो.

५. जाहिरात वाचणं आणि अर्ज

जाहिरात पेपरात येते, विद्यापीठाच्या वेबसाइटवर पण असते. आरक्षण रोस्टरप्रमाणे ठरतं, बिंदुनामावली म्हणतात ती. राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांना अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग किंवा विशेष कक्षाला पाठवा असं जाहिरातीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ती ओळ वाचून पाठवाच आणि पोच ठेवा. आत्ता कुठे नोकरीत असाल तर अर्ज कार्यालयामार्फत जायला हवा किंवा ना हरकत हवी. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा नाहीतर हाताने देऊन आवक क्रमांक घ्या.

आता पैशाचं. जागेसाठी पैसे मागणारा माणूस तुम्हाला भेटू शकतो, कधी तो संस्थेचा असतो, बरेचदा नुसता मधला असतो ज्याचा संस्थेशी काही संबंध पण नसतो. देऊ नका. घर गहाण ठेवून, आईचे दागिने मोडून दिलेले पैसे बुडाल्यावर तक्रार करायलाही तोंड राहत नाही कारण देणाराही त्यात अडकतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, पडताळणी समोर करून घ्या आणि लगेच परत घ्या. आणि आपण ज्या विषयात न्यायाबद्दल शिकवणार आहोत त्यात शिरतानाच असं शिरायचं का, हा प्रश्न मला तरी फार जड वाटतो.

६. गुणांकन, म्हणजे मुलाखतीला बोलावणार का नाही ते

२०१८ च्या नियमावलीत कॉलेजसाठी १०० गुणांचा तक्ता आहे. पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, पीएचडीला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, शोधनिबंधांना मिळून ६, शिकवण्याच्या अनुभवाला १०, पुरस्काराला ३.

समजा बीएसडब्ल्यूला ६२ टक्के, एमएसडब्ल्यूला ६४ टक्के, नेट आहे, दोन वर्षांचा अनुभव आहे, दोन निबंध आहेत. मग १९ अधिक २३ अधिक ८ अधिक ४ अधिक ४, झाले ५८. याच उमेदवाराची पीएचडी असती तर ८३. म्हणून म्हटलं पीएचडीचा फरक मोठा. नेट आणि सेट दोन्ही आहेत म्हणून ८ आणि ५ मिळून १३ होत नाहीत, त्या रकान्याला १० ची मर्यादा आहे. विद्यापीठाच्या विभागातल्या जागेसाठी तक्ता थोडा वेगळा आहे, तिथे पीएचडी ३० आणि निबंधांना १०.

यूजीसीच्या नियमावलीत हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत, पण राज्य सरकार निवडीचे निकष अधूनमधून बदलतं त्यामुळे तुमच्या जाहिरातीत काय दिलंय तेच अंतिम समजा.

निबंधांबद्दल: पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलच्या मागे लागू नका. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल चांगलं आहे का हे आता आपल्यालाच पारखायचं आहे, संपादक मंडळ कोण आहे, जुने अंक कसे आहेत, परीक्षण खरंच होतं का. आणि विषय स्वतःच्या फिल्डमधला घ्या. तुमच्या तालुक्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेवर तुम्ही जे लिहाल ते दुसरं कोणी लिहू शकत नाही.

७. तासिका तत्त्व: घ्यायचं का?

माझं मत, घ्या, पण डोळे उघडे ठेवून आणि किती वर्षं ते ठरवून. सीएचबीत (तासिका तत्त्वाचंच इंग्रजी नाव) पगार तासावर असतो, सुट्टीचे पैसे नाहीत, बिलं उशिरा निघतात. पण शिकवायची सवय इथेच लागते.

घेताना तीन गोष्टी बघा. नियुक्तीपत्र लेखी घ्या. विद्यापीठाची मान्यता घेतली का ते प्राचार्यांना विचारा, मान्यतेशिवायचा अनुभव पुढे धरत नाहीत आणि मग चार वर्षं शिकवून कागदावर शून्य. आणि फिल्डवर्क सुपरव्हिजनचे तास बिलात धरणार का ते पहिल्याच दिवशी विचारा. लेक्चरचे पैसे आणि दहा मुलांचं सुपरव्हिजन फुकट, असं बऱ्याच जणांसोबत होतं, आणि हे काम असं आहे की एकदा मुलं हातात आली की तुम्ही ते अर्धवट सोडू शकत नाही.

८. मुलाखत

पॅनेलमध्ये संस्थेचे लोक, प्राचार्य, कुलगुरूंनी पाठवलेले विषयतज्ज्ञ असतात. प्रश्न साधारण तीन बाजूंनी येतात, तुमचा पीएचडी किंवा एमएसडब्ल्यूचा संशोधन विषय, पद्धती आणि सिद्धांत, आणि फिल्ड. डेमो घ्यायला सांगितला तर मोठा विषय घेऊ नका. समाजकार्याची मूल्यं असा विषय घेऊन दहा मिनिटांत काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एकच मुद्दा घ्या. उदाहरणार्थ बाल न्याय मंडळ: २०१५ च्या कायद्याने मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते ठेवलेत, त्या दोघांत एक महिला असलीच पाहिजे. आता मुलांना विचारा, कायद्याने समाजकार्यकर्त्याला दंडाधिकाऱ्याच्या शेजारी का बसवलं? तो तिथे असं काय बघतो जे दंडाधिकाऱ्याला दिसणार नाही? दहा मिनिटं यावर भरपूर होतात आणि पॅनेलला कळतं की हा माणूस वर्गाला विचार करायला लावतो.

फिल्डबद्दल विचारलं तर आकडे फेकू नका, एक केस सांगा, नाव-गाव बदलून. नाव बदललंय हे बोलून दाखवा, त्याची नोंद घेतली जाते.

९. रुजू झाल्यावरचे कागद

नियुक्तीपत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाकडे मान्यतेचा प्रस्ताव, अनुदानित असेल तर समाजकल्याणकडे वेतनाचा प्रस्ताव. कॉलेज पाठवेल म्हणून स्वस्थ बसू नका, क्लार्ककडे जाऊन जावक क्रमांक लिहून घ्या. मान्यतापत्र आलं की त्याच्या चार प्रती काढा. सेवापुस्तकात नोंदी होतात का ते दरवर्षी बघा. एवढं पुरे.

१०. पहिलं सेमिस्टर: फिल्डवर्क

आता मुख्य काम. बहुतेक ठिकाणी आठवड्याचे दोन दिवस मुलं फिल्डवर असतात. तुमच्या वाट्याला काही मुलं येतात, त्यांचं प्लेसमेंट म्हणजे कुणी कुठल्या एजन्सीत (फिल्डवर्कच्या संस्थेत) जायचं ते ठरवणं, दर आठवड्याची आयसी म्हणजे वैयक्तिक चर्चा, जीसी म्हणजे गटचर्चा, रेकॉर्डिंग तपासणं, एजन्सी भेटी, शेवटी व्हायवा. वर्षात ग्रामीण शिबिर, शेवटी ब्लॉक म्हणजे सलग काही दिवसांचं फिल्डवर्क.

*प्लेसमेंट.* कॉलेज सुरू व्हायच्या महिनाभर आधी एजन्सीत स्वतः जाऊन या, नुसतं पत्र पाठवून भागत नाही. तिथे मुलाला शिकवणारं कोणी आहे का, का फक्त झेरॉक्स आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या लावायला मुलं हवीत, ते बोलल्यावर लगेच कळतं. बालगृह, निरीक्षणगृहासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांची परवानगी लागते, तुरुंगासाठी कारागृह विभागाची, त्यांना वेळ लागतो म्हणून पत्रं लवकर टाका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही न्यायाच्या बाजूची फार चांगली जागा आहे आणि कॉलेजं तिकडे कमी वळतात. पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाचं पण तसंच, हा प्रयोग १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टिसने सुरू केला होता. १०९८ ची चाइल्डलाइन (मुलांसाठीची मदतवाहिनी) पण १९९६ मध्ये टिसच्या अशाच फिल्ड प्रकल्पातून उभी राहिली. मुलांना हे सांगा, त्यांना वाटलं पाहिजे की आपण जातो त्या फिल्डमधून संस्था उभ्या राहतात.

*रेकॉर्डिंग.* सुरुवातीला सगळ्यांचं असं असतं: "आज वस्तीला भेट दिली. महिलांशी संवाद साधला. त्यांना योजनांची माहिती दिली. महिलांनी चांगला प्रतिसाद दिला." याच्यावर लाल शेरा मारून वही परत करणं सोपं आहे, पण त्याने पुढच्या आठवड्यात फक्त अक्षर सुधारतं. आयसीत वही बंद करा आणि विचारा, किती बायका होत्या? कुठे बसला होतात? पहिलं कोण बोललं? ती काय म्हणाली, तिच्याच शब्दात सांग. मग मुलगा सांगतो की सर एक बाई म्हणाली, तुम्ही दर वर्षी येता, नावं लिहून नेता आणि पुढच्या वर्षी दुसरे येतात. मग तू काय म्हणालास? काहीच नाही सर, मी फॉर्म काढला. बस, त्या आठवड्याचं शिक्षण इथे आहे. फॉर्म का काढला, गप्प का बसता आलं नाही, तिच्या म्हणण्यात खरं किती, पुढच्या वेळी तिच्याकडे कसं जायचं. आणि हे सगळं आता लिहून आण म्हणावं, चांगला प्रतिसाद दिला हे वाक्य न वापरता. दोन महिन्यांत त्याच मुलाची वही वाचताना तुम्ही वेगळाच माणूस वाचताय असं वाटतं, मला या नोकरीत यापेक्षा मोठा आनंद अजून मिळालेला नाही.

*नावं.* वहीत खरं नाव, गाव, शाळा, फोटो काही नको. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ मध्ये पण बंदी आहे, बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. मुलं निरीक्षणगृहातल्या कार्यक्रमाचे फोटो स्टेटसला टाकतात, त्यांच्या मनात वाईट काही नसतं, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या ओरिएंटेशनलाच सांगा आणि लेखी सही घ्या.

*फिल्डवर काही भयंकर कळलं तर.* समजा तुमच्या विद्यार्थिनीला शाळेतल्या एका मुलीने सांगितलं की काका माझ्याशी असं असं करतो. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. इथे आधी घरच्यांशी बोलून बघू, संस्थेचं नाव खराब होईल, असले विचार करत बसायचं नाही. विद्यार्थिनीला एकटं सोडू नका, तुम्ही सोबत जा, १०९८ ला कळवा, एजन्सी आणि प्राचार्यांना लेखी कळवा. आणि नंतर त्या विद्यार्थिनीसाठी वेळ काढा. वीस-एकवीस वर्षांची पोर असते, ते ऐकून तिला झोप लागत नाही, कधी तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं काही वर येतं. आयसी म्हणजे समुपदेशन नव्हे हे ध्यानात ठेवा, तुम्ही ऐका आणि गरज असेल तर समुपदेशकाकडे न्या.

*सुरक्षितता.* कोण कुठे जातंय याची यादी तुमच्याकडे आणि ऑफिसात हवी, संध्याकाळी उशिरापर्यंत फिल्ड नको, एजन्सीत छळ झाला तर तक्रार कुणाकडे करायची ते मुलींना आधीपासून माहिती हवं. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कॉलेजलाही लागू आहे, अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का ते रुजू झाल्याच्या आठवड्यातच बघा.

११. वर्गात कायदा शिकवताना

१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम आलाय. जुन्या नोट्स तशाच वाचून दाखवू नका, मुलांना फिल्डवर पोलीस नवीन कलमं सांगतात आणि वर्गात आयपीसीचं जुनं ४९८अ, असं होता कामा नये. शक्य तेवढे मूळ कायदे उघडून शिकवा, गाइडवर जाऊ नका. १९५८ चा परिवीक्षा कायदा, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, एवढे तरी स्वतः एकदा पूर्ण वाचा.

आणि कलम शिकवताना त्या जागी बसलेला माणूस कोण ते दाखवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातला संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, त्याच्याकडे किती तालुके, बाई अर्ज घेऊन गेली तर तो पहिलं काय करतो. जमलं तर एखाद्या संरक्षण अधिकाऱ्याला किंवा बाल कल्याण समितीच्या सदस्याला वर्गात बोलवा, ही मंडळी आनंदाने येतात, त्यांना कुणी फारसं बोलवत नाही.

वर्गात मुलं वेगवेगळ्या जातींची, गावांची असतात, काहींच्या घरात आज जे शिकवताय तेच घडलेलं असतं. दारू, मारहाण, अॅट्रॉसिटी यावर बोलताना कुणाकडे बघून उदाहरण देऊ नका, आणि तुझा अनुभव सांग म्हणून कुणाला सगळ्यांसमोर उभं करू नका. सांगायचं असेल तर ते मूल तासानंतर थांबतं.

१२. पहिल्या दिवसापासून ठेवायची दुसरी फाईल

ही करिअर अॅडव्हान्समेंटची, म्हणजे कॅसची, वरच्या वेतन लेव्हलला जाण्यासाठीची. लेव्हल १० वरून ११ ला जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, नसेल तर सहा. त्याआधी ओरिएंटेशन किंवा इंडक्शन आणि रिफ्रेशर झालेले हवेत, ते आता मालवीय मिशनच्या केंद्रांमार्फत होतात, ऑनलाइन पण असतात. पहिल्या दोन वर्षांतच उरकून घ्या, नंतर नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) आलं की कुणी सोडत नाही.

फाईलमध्ये दर सेमिस्टरचं वर्कलोड पत्र, टाइमटेबल, फिल्डवर्क गटाची यादी, एजन्सी भेटींच्या तारखा, शिबिराचं नियुक्तीपत्र, परीक्षेच्या कामाचे आदेश. फिल्डवर्कचे तास वर्कलोडमध्ये लेखी दाखवून घ्या, तोंडी नको. वर्षाच्या शेवटी एकदा बसून तारखेप्रमाणे लावा आणि प्राचार्यांची सही घ्या, कारण प्राचार्य बदलले की जुन्या कामावर नवीन प्राचार्य सही करत नाहीत.